घरच्या ब्रेडसाठी कापडी पिशव्या शिवायच्या आहेत. कापड, अस्तर आणि शिवण याविषयी सल्ला हवा

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सर्वांना नमस्कार.

गेली दोन वर्षे मी ब्रेड घरीच भाजते. रविवारी दोन आणि बुधवारी दोन, असे आठवड्याला चार ब्रेड होतात. पीठ निम्मे खपली गव्हाचे आणि निम्मा मैदा, यीस्ट बाजारचे, साचा नऊ इंची. ब्रेड चांगला होतो अशी घरच्यांची साक्ष आहे; अडचण येते ती तो ठेवण्याची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर आषाढात तिसऱ्या दिवशी खालच्या बाजूला हिरवट ठिपके दिसतात. स्टीलच्या डब्यात ठेवला तर झाकणाच्या आतून पाणी सुटते आणि वरचे कवच चामड्यासारखे चिवट होते. उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी सुरी चालत नाही.

आमच्या सासूबाई भाकऱ्या आजही दुरडीत धुतलेले धोतराचे फडके घालून त्यात ठेवतात, आणि भाकरी डब्यात कोंडली की तिला घाम फुटतो असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावरूनच ब्रेडसाठी कापडी पिशवी शिवावी असे मनात आले. घरात पायमशीन आहे. मागच्या महिन्यात जुन्या पडद्याच्या कापडाची, आतून अस्तर लावलेली एक पिशवी मी शिवलीही. परंतु ती पूर्णपणे फसली. ब्रेड आत नीट मावत नव्हता, अस्तराच्या कोपऱ्यांत चुरा अडकून राहिला, आणि धुतल्यानंतर सातारच्या पावसात ती तीन दिवस वाळली नाही. चौथ्या दिवशी तिलाच कुबट वास येऊ लागला, तेव्हा ती मी पायपुसणे म्हणून देऊन टाकली.

आता नीट विचार करून शिवायचे ठरवले आहे. कापड कोणते घ्यावे, अस्तर लावावे की लावू नये, आतली शिवण कशी घालावी म्हणजे धागे ब्रेडला चिकटणार नाहीत, आणि पिशवी कितीदा व कशी धुवावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

टीप_धावदोरा (सांगली)

ताई, तुमची पहिली पिशवी फसली ती का फसली हे तुम्ही इतके व्यवस्थित लिहिले आहे की उत्तर देणे सोपे झाले. मी सांगलीत मुलींना बावीस वर्षे शिवणकाम शिकवले आणि निवृत्तीनंतर ब्रेडच्या, भाजीच्या आणि डाळी-कडधान्यांच्या पिशव्या इतक्या शिवल्या आहेत की त्यांची मोजदाद ठेवलेली नाही.

प्रथम कापडाविषयी. पडद्याचे कापड बहुधा टेरीकॉट किंवा पूर्ण पॉलिस्टर असते. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे ब्रेडमधून निघणारी वाफ आतच राहते आणि कापडी पिशवीत ठेवूनही गत प्लॅस्टिकसारखीच होते. दुकानदाराने सुती म्हणून सांगितलेल्या कापडाविषयी शंका असेल तर त्याचे दोन धागे काढून ज्योतीजवळ धरावेत. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात, आणि अशा कापडाला या कामात मी हात लावत नाही.

माझी पसंती साध्या विणीच्या कोऱ्या मांजरपाटाला आहे. मलमल फार विरळ असते, तिच्यात ब्रेड लवकर सुकतो. कॅनव्हास टिकाऊ असतो, पण आपल्याकडच्या पावसात वाळत नाही. लिनन, म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे कापड, या कामासाठी उत्तमच. ते पाणी पटकन शोषते आणि पटकन सोडतेही. मात्र त्याची किंमत पाहता नवशिक्या हाताने त्यावर पहिली कात्री चालवू नये. रंगीत किंवा छापील कापड आतून कधीही नको.

आता मापाविषयी, कारण बहुतेक पिशव्या बिघडतात त्या इथेच. तुमचा ब्रेड नऊ इंच लांब आणि साधारण साडेचार इंच रुंद व तितकाच उंच असेल असे धरते. त्याचा घेर झाला अठरा इंच. म्हणजे पिशवी सपाट अंथरल्यावर निदान नऊ इंच रुंद हवी. परंतु तेवढीच ठेवली तर ब्रेड आत ढकलताना कवच सोलून निघते. म्हणून तयार पिशवी पावणेअकरा इंच रुंद असू द्यावी. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना मिळून सव्वा इंच जातो, तेव्हा कापड बारा इंच रुंद कापावे.

छत्तीस इंची पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, एक मीटर कापड घेतले आणि आधी धुऊन आटवले, तर ते साधारण साडेसदतीस इंच लांब आणि पस्तीस इंच रुंद उरते. त्याच्या आडव्या, बारा इंचांच्या तीन पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टी मधोमध दुमडली की तळाला शिवण लागतच नाही, आणि दोन्ही काठ आपोआप पिशवीच्या तोंडाशी येतात. काठाचे सूत सुटत नसल्यामुळे नेफ्यासाठी, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीसाठी, कापड दोनदा दुमडावे लागत नाही. एकदाच सव्वा इंच दुमडून टीप मारली की काम झाले. एका मीटरमध्ये तीन पिशव्या होतात आणि दीड इंचाची जी चिंधी उरते ती दुमडून शिवली तर एका पिशवीची नाडीही निघते.

शिवणीला माझ्याकडे एकच उत्तर आहे: फ्रेंच शिवण. कापडाची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून दोन सुतांवर (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पहिली टीप मारावी. बाहेरचे कापड एक सूत राहील इतके कापून टाकावे, पिशवी उलटवावी, कड नखाने किंवा इस्त्रीने दाबून घ्यावी आणि आता तीन सुतांवर दुसरी टीप मारावी. कापलेल्या कडा दोन टिपांच्या मध्ये कायमच्या बंद होतात आणि आत एकही धागा मोकळा राहत नाही. ओव्हरलॉक करून घेतलेली कड दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्या जाळीत चुरा बसतो, आणि तो निघत नाही. सुई चौदा नंबरची पुरते. दोरा पॉलिस्टरचा चालेल. सुती दोरा पहिल्याच गरम धुण्यात आटला तर शिवणीला चुण्या पडतात.

तळाचे कोपरे त्रिकोणी शिवून पिशवीला बूड देण्याची पद्धत सध्या फार दिसते. छायाचित्रात ती छान वाटते. आत मात्र कापडाचे दोन त्रिकोणी खिसे तयार होतात, चुरा तिथे जाऊन बसतो, आणि सातारच्या काय किंवा सांगलीच्या काय, मुंग्यांना तो पत्ता कुणी सांगावा लागत नाही. साधी सपाट पिशवी ब्रेडच्या आकाराप्रमाणे स्वतःच बसते.

अस्तर लावू नये. दुहेरी कापड हवेच असेल तर एकावर एक घालता येतील अशा दोन सुट्या पिशव्या शिवाव्यात, बाहेरची एक इंच मोठी. दोन्ही वेगवेगळ्या धुता येतात, वेगवेगळ्या वाळतात, आणि हवेप्रमाणे एक काढता किंवा चढवता येते.

माग_विटा (विटा)

वरच्या ताईंनी मांजरपाट आधी धुण्याविषयी एका ओळीत लिहिले आहे. त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या घरात अनेक वर्षे यंत्रमाग होते.

कोरे कापड, ज्याला विट्यात आणि इचलकरंजीत सगळे ग्रे कापड म्हणतात, ते खळीसकट दुकानात येते. मागावर उभे सूत घासून तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला स्टार्चची खळ देतात, आणि सूत गुळगुळीत राहावे म्हणून त्यात मेणासारखा स्निग्ध पदार्थही घालतात. शिवाय कापसाच्या तंतूवर मुळातच थोडे नैसर्गिक मेण असते. याचा परिणाम असा की कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बराच वेळ मोत्यासारखा तसाच बसून राहतो. जे कापड पाणी पीत नाही ते ब्रेडची वाफ काय पिणार! दुसरे असे की खळ हे बुरशीचे आणि कसरीचे आवडते खाद्य आहे. म्हणजे ब्रेड ज्या शत्रूपासून वाचवायचा त्याच्याच जेवणाची सोय आपण पिशवीतच करून ठेवतो.

म्हणून कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावे, सकाळी ते पाणी ओतून द्यावे, आणि मग धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून काढावे. पाणी पिवळसर, कधीकधी चहासारखे होते, त्याला घाबरू नये. खळ पूर्ण निघाली की नाही हे पाहायचे असेल तर कोपऱ्याच्या एका चिंधीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे. तपकिरीच राहिला तर कापड शिवायला तयार आहे. पिशवी धुतल्यावर तिला कडकपणा यावा म्हणून पुन्हा खळ किंवा नीळ घालण्याची सवय काही घरांत असते. ती या पिशवीपुरती सोडून द्यावी.

मिरजकर_जुने (मिरज)

एवढा खटाटोप कशासाठी? आमच्याकडे ब्रेड वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतात. कागद घाम टिपून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कागद बदलता येतो. शिवणकाम नको आणि धुणेही नको.

टीप_धावदोरा (सांगली)

दादा, घाम टिपला जातो हे खरे आहे, परंतु छपाईची शाईही ब्रेडला लागते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने वर्तमानपत्रात अन्न बांधू नये असे वेळोवेळी बजावले आहे. डब्याची कल्पना मात्र टाकाऊ नाही. वर्तमानपत्राच्या जागी कापडी पिशवी घालून बघा.

भट्टी_कराड (कराड)

शिवणकामात माझी गती बटण लावण्यापलीकडे नाही. परंतु कराडला घरगुती बेकरी चालवताना ब्रेड कसा आणि का खराब होतो हे रोज पाहावे लागते, म्हणून त्या बाजूने लिहितो. पिशवी कितीही उत्तम शिवली तरी ब्रेडच्या आत काय चालले आहे हे समजले नाही तर दोष विनाकारण पिशवीवर जाईल.

ब्रेड शिळा होणे आणि ब्रेड सुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले की ब्रेडमधले पाणी अजिबात बाहेर जाऊ दिले नाही तरी तो शिळा होतोच, आणि पुन्हा गरम केला की काही काळ मऊ होतो. भाजताना पिठातील स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सैल होतो. थंड झाल्यावर तोच हळूहळू पुन्हा घट्ट, स्फटिकासारखा रचला जातो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. त्यामुळे पिशवीतला ब्रेड कडक होतो म्हणून पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे. बुरशी लांबते, पण ब्रेड एका दिवसात तीन दिवसांचा शिळा लागतो.

कापडी पिशवीने शिळेपणा थांबत नाही. तिचे काम वेगळे आहे: आतल्या गराची वाफ कवचापर्यंत येते, ती तिथेच साचून कवच चिवट आणि ओले होऊ नये, आणि तरीही ती इतक्या घाईने निघून जाऊ नये की गर कोरडा पडेल. हा तोल कुठे साधतो हे हवेवर अवलंबून आहे. सातारा शहरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतका ओलावा असतो की ब्रेड सुकण्याची भीती जवळजवळ नसते आणि बुरशीची मात्र पुरेपूर असते. तेव्हा एकेरी पिशवी, खेळत्या हवेत, ओट्याच्या भिंतीपासून दूर, आणि ब्रेड दोन दिवसांत संपवायचा. याउलट सांगली-मिरजेकडे मार्च ते मेच्या कोरड्या दुपारी एकेरी पिशवीतला ब्रेड संध्याकाळपर्यंत खडखडीत होतो; तिथे दोन पिशव्या, किंवा पिशवीसकट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण थोडे तिरके. म्हणजे मिरजकर दादांचा डबा उन्हाळ्यात बरोबर आहे आणि आषाढात चूक आहे.

ताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आली नाही ती विचारतो: भट्टीतून काढल्यावर किती वेळाने ब्रेड आत ठेवता? आत पूर्ण भाजलेल्या ब्रेडच्या गराचे तापमान पंचाण्णव अंशांच्या आसपास असते. बाहेरून हाताला गार लागला तरी मध्यभागी वाफ असतेच. जाळीवर, खालूनही हवा लागेल असा, निदान तीन तास ठेवल्याशिवाय तो कोणत्याही पिशवीत जाऊ नये. माझा अंदाज असा आहे की तुमच्या खालच्या बाजूच्या हिरवट ठिपक्यांचे मूळ इथे असावे. ब्रेड कापल्यानंतर कापलेली बाजू पिशवीच्या दुमडलेल्या तळाकडे करून ठेवावी, म्हणजे पिशवीचे तोंड कितीदा उघडले तरी गर उघडा पडत नाही.

चार ब्रेडपैकी जो दोन दिवसांत संपणार नाही त्याचे काप करून पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकावेत. तिथे मात्र कापडी पिशवी एकटी उपयोगाची नाही. फ्रीझरची कोरडी थंडी कापडातून आत शिरते आणि कापांवर पांढरे, लाकडासारखे चट्टे पडतात. हवाबंद डबाच हवा. काप तसेच गोठलेले तव्यावर टाकता येतात.

आणखी एक सूचना, आणि ही गांभीर्याने घ्यावी. उन्हाळ्यात खपली किंवा कोंड्यासह पिठाच्या ब्रेडला कधीकधी पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास येतो, आतला गर तपकिरी व चिकट होतो आणि तोडताना कोळ्याच्या जाळ्यासारखे तार निघतात. ही बुरशी नसून बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. त्यांचे बीजाणू पिठातून येतात, भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत आणि तीस अंशांच्या पुढे जोमाने वाढतात. असा ब्रेड टाकून द्यावा, जनावरांनाही घालू नये. त्या दिवशीची पिशवी नुसती उकळून भागणार नाही, कारण हे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. धुतलेली पिशवी कुकरमध्ये जाळीवर ठेवून पूर्ण दाबाखाली वीस मिनिटे वाफवावी. तिथे तापमान एकशेवीस अंशांच्या आसपास जाते. पुढच्या पिठात अर्ध्या किलोला एक मोठा चमचा व्हिनेगर घातले तर हे जिवाणू सहसा डोके वर काढत नाहीत.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कराडच्या दादांचा अंदाज बरोबर आहे. मी ब्रेड रात्री नऊला भट्टीतून काढते आणि झोपण्यापूर्वी पिशवीत घालते, म्हणजे जेमतेम दीड तास. मुंग्यांच्या भीतीने घाई होत होती. आता जाळी पाण्याच्या परातीत वाटीवर ठेवून पाहीन.

आणखी एक शंका आहे. महाबळेश्वरला एका दुकानात मधमाशीच्या मेणाचे कापड पाहिले. ब्रेडसाठी तेच घ्या, असे विक्रेत्याने आग्रहाने सांगितले. पिशवी शिवून तिला मेण लावले तर पावसाळ्यात उपयोग होईल का?

घाटवाट_वाई (वाई)

मी असे कापड घरी तयार करतो, म्हणून स्पष्टच लिहितो: आख्ख्या ब्रेडच्या पिशवीला, आणि त्यातही पावसाळ्यात, मेण लावू नका.

महाबळेश्वर तालुक्यात मधाचा व्यवसाय जुना आहे, मध संचालनालयही तिथेच आहे आणि २०२२ साली मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. त्यामुळे चांगले मेण मिळणे आपल्या भागात अवघड नाही, हे खरे. परंतु मेण लावले की कापडाची छिद्रे बुजतात, आणि वर सर्वांनी जी वाफ बाहेर जाऊ द्या म्हणून सांगितले ती आतच राहते. मेण साधारण बासष्ट ते पासष्ट अंशांना वितळते, त्यामुळे असे कापड गरम पाण्याने धुता येत नाही. उकळणे तर दूरच. ज्या पिशवीत बुरशीचा धोका आहे ती उकळता न येणे ही मोठीच उणीव आहे. मेणाचे कापड उन्हाळ्यात कापलेल्या तोंडापुरते उपयोगी पडते: नऊ इंचांचा चौकोन ब्रेडच्या कापलेल्या बाजूवर हाताच्या उबेने दाबून बसवावा आणि मग ब्रेड साध्या पिशवीत सरकवावा.

धुण्याविषयी तुम्ही विचारले होते, त्यावर कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. प्रत्येक ब्रेड संपल्यावर पिशवी उलटी करून गॅलरीत झटकावी आणि शिवणीवरून कोरडा ब्रश फिरवावा. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि बिनवासाचा साबण; ब्रेड वास लगेच ओढून घेतो, आणि गुलाबाचा किंवा लिंबाचा वास असलेली धुण्याची पावडर वापरली तर सकाळी चहाबरोबर तोच गुलाब तोंडात येतो. बुरशी दिसलेल्या दिवशी पिशवी दहा मिनिटे उकळावी. धुतल्यावर ती उलटीच वाळत घालावी, म्हणजे शिवणीची जाड बाजू वाऱ्याला लागते. ऊन नसेल तेव्हा नुसती पंख्याखाली टांगण्यापेक्षा आधी इस्त्री फिरवून अर्धी वाळवावी. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय तिच्यात ब्रेड जाऊ नये, म्हणून निदान तीन पिशव्या आळीपाळीने वापरात असाव्यात. राखीव पिशव्या कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवू नयेत, हे सांगायला नको. पण आमच्या घरी हे घडले आहे आणि तो ब्रेड कुत्र्यानेही हुंगून सोडला होता.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण पावसाने कापड वाळू दिले नाही.

मांजरपाट एक मीटर आणले, विट्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे रात्रभर भिजवून सोड्यात उकळले. पाणी खरोखरच चहासारखे झाले. घरातल्या प्रथमोपचाराच्या पेटीत टिंक्चर आयोडीन होते. पहिल्या उकळीनंतरच्या चिंधीवर निळा डाग पडला, म्हणून पुन्हा एकदा उकळले, आणि मग तो पडला नाही. मुलाला शाळेतील प्रयोग घरी पाहायला मिळाल्याचा आनंद झाला आणि त्याने घरातला बटाटा, साबुदाणा व माझ्या सुती साडीचा पदर यांवरही थेंब टाकून पाहिले. साडीला खळ होती.

तीनही पिशव्या शिवून झाल्या, परंतु दोन ठिकाणी अडले, ते पुढे शिवणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. नेफ्यातून नाडी बाहेर यावी म्हणून बाजूची शिवण तोंडापासून सव्वादोन इंच अलीकडे थांबवायची असते. फ्रेंच शिवणीत पहिली आणि दुसरी टीप नेमकी एकाच जागी थांबवली नाही, तर वरची फट नीट उलटत नाही आणि तिथे कापलेली कड उघडी राहते. पहिल्या पिशवीत माझे हेच झाले. सांगलीच्या ताईंना विचारल्यावर त्यांनी सांगितले की थांबायच्या खुणेपाशी कडेला पाच सुतांची आडवी खाच द्यावी, वरच्या भागाच्या कडा आधीच बारीक दुमडून टीप मारून घ्याव्यात आणि मगच फ्रेंच शिवणीला सुरुवात करावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिशवीला असे केले आणि फट स्वच्छ आली. नाड्या प्रत्येकी तीस इंचांच्या दोन घेतल्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. दोन्ही एकदम ओढल्या की तोंड सारखे मिटते.

दुसरी चूक मापाची होती. मी साच्याचे माप घेतले होते, ब्रेडचे नव्हे. मैद्याचे प्रमाण जास्त असलेला ब्रेड साच्याच्या वर दीड-दोन इंच घुमटासारखा फुगतो आणि त्याचा घेर एकवीस इंचांपर्यंत जातो. तो पिशवीत जातो, पण सासूबाईंच्या शब्दांत सांगायचे तर लेकराला गेल्या वर्षीचा गणवेश घालावा तसा. खपलीचा ब्रेड कमी फुगतो, तो आरामात मावतो. पुढच्या मीटरमधून दोनच पिशव्या, चौदा इंचांच्या पट्ट्या कापून, काढणार आहे.

ब्रेड आता पहाटे भाजते आणि दुपारी पिशवीत घालते. या तीन आठवड्यांत सहा वेळा भाजला. पाच वेळा तिसऱ्या दिवशीही बुरशी दिसली नाही, एकदा दिसली. त्या दिवशी पिशवी पूर्ण वाळली नव्हती आणि ते मला माहीत होते.

टीप_धावदोरा (सांगली)

चौदा इंचांच्या दोन पट्ट्या कापल्यावर साडेनऊ इंचांची तिसरी पट्टी उरेल. ती टाकू नका. दुमडून याच पद्धतीने शिवली की सव्वाआठ इंची पिशवी होते, तिच्यात लादी पावाचे चार पाव मावतात.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ती पट्टी सासूबाईंनी आधीच मागून घेतली आहे. दुरडीतले धोतराचे फडके विरले आहे म्हणे.